एकविसावी गोळी

"गोळी घेऊन माणूस वेळेवर पोचतो? मग मी तीस वर्षं शाळेत छडी कशाला मोडली?" ताता, म्हणजे झिखोनाचे वडील, फोनवर खो खो हसले.

झिखोनाच्या तळहातावर पहिली गोळी होती. अडतिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिच्या धांदलीला, लक्ष न टिकण्याला नाव दिलं होतं, एडीएचडी. रोज नाश्त्यानंतर एक गोळी, असं लिहून दिलं होतं.

"ताता, हा आळस नाही. डोक्याची घडणच अशी असते म्हणतात."

"आपल्या घराण्यात असलं काही नाही. माझंच बघ. आयुष्यात एकही लग्न माझ्याशिवाय सुरू झालेलं नाही. विचार तुझ्या आईला." मग ते नव्या शेळीवर आले, शेळीवरून रेडिओवर घसरले, आणि "अरे, माझा चहा!" म्हणत फोन तसाच ठेवून निघून गेले. झिखोनानं बराच वेळ शेळीचं बें बें ऐकलं.

मग तिनं डोळे मिटले. "देवा, तुझ्या नावानं घेते," म्हणाली आणि गोळी गिळली.

तासभर काहीच झालं नाही. नंतर तिनं चहा केला आणि ओठांना लावला. जीभ पोळली. एरवी तिचे तीन कप घरात तीन ठिकाणी गार होत पडलेले असत. चहा इतका गरम असतो हे ती विसरूनच गेली होती.

धाकट्या बहिणीचं, लिंदेल्वाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. पत्रिका लिंदेल्वानं स्वतः आणून हातात दिली होती. उम्ताटा शहरातलं मोठं चर्च, शनिवार, सकाळी आठ.

"सिसी," ती थोरल्या बहिणीला म्हणाली होती, "घंटा व्हायच्या आत आलीस तर माझ्या शेजारी तू उभी राहा. नाही आलीस तर माझ्या मैत्रिणीला, नोझुकोला उभी करीन. मग रडायचं नाही."

भावाच्या लग्नात झिखोना पोचली तेव्हा लोक मटण खाऊन हात धूत होते. नवरी तर कपडे बदलून बसली होती. या वेळी बहिणीच्या शेजारी उभं राहायला मिळावं, एवढंच तिनं देवाकडे मागितलं.

गोळीचा तिनं नेमच धरला. आंघोळ, दोन अंडी आणि पाव, प्रार्थना, गोळी, कॅलेंडरवर फुली. दुपारी भूक लागत नसे म्हणून सकाळीच पोटभर खाई. तोंड कोरडं पडे, मग बाटली जवळ ठेवी. ती वाचनालयात कामाला होती. परत आलेली पुस्तकं आता दुपारच्या आत कपाटात लागू लागली. शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरून म्हणाल्या, "घरी भांडण झालंय का गं? चार दिवस गप्प गप्प काम करतेयस."

शनिवारी ती पाचलाच उठली. एकविसावी फुली मारली. डोक्याला नवा पिवळा रुमाल नीट बांधला, आणि आठला दहा कमी असताना चर्चच्या फाटकात उभी राहिली.

दाराला कुलूप होतं.

ना गाडी, ना माणूस. वार चुकला? चर्च चुकलं? तिनं पत्रिका तीनदा वाचली. सगळं बरोबर होतं. म्हणजे कुठंतरी ती पुन्हा चुकलीच होती. ती पायरीवर बसली आणि नव्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसू लागली.

"कोण गं? लग्नाची?" झाडू घेऊन आलेल्या, चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या मादलोमोंनी विचारलं. "एवढ्या लवकर? लग्न अकराला आहे."

"आठला आहे, मावशी. हे बघा."

मादलोमोंनी पत्रिका हात लांब करून वाचली, मग बाहेरच्या फळ्याकडे झाडू केला. फळ्यावर खडूनं अकरा लिहिलं होतं.

झिखोनानं बहिणीला फोन लावला.

"सिसी? कुठं अडकलीस?"

"कुठंच नाही. पायरीवर बसलेय. पावणेआठपासून, जवळजवळ."

मग लिंदेल्वा हळूच म्हणाली, "रागावू नकोस. तुझी पत्रिका वेगळी छापून घेतली, तीन तास आधीची. आईची युक्ती."

"म्हणजे भावाच्या लग्नालाही?"

"तेव्हा वेळ एकच तास आधीची छापली होती. पुरली नाही."

"खोटारड्यांनो! सगळेच्या सगळे!"

"हो गं, खोटारडे. पण सिसी, तू खरंच आठला पोचलीस? अरे देवा, डोळ्यांचं सगळं काजळ उतरलं. ऐक, शेजारी तूच. नोझुकोला आत्ता सांगते."

झिखोनाला हसावं की चिडावं कळेना. दोन्ही करून झाल्यावर तिनं मादलोमोंकडून दुसरा झाडू मागून घेतला आणि अंगण झाडायला लागली.

पावणेदहाला फाटकाशी टॅक्सी थांबली आणि ताता उतरले. आई आठवडाभर लिंदेल्वाकडेच होती, त्यामुळे ते गावाहून एकटेच आले होते. टाय खांद्यावर, कोटाची बटणं एक घर सोडून लावलेली. रिकामं अंगण बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बघितलंस? अजून कुणाचा पत्ता नाही. वेळेची किंमत आपल्या दोघांनाच."

"ताता, दहा वाजत आले."

"मग? छापल्या वेळेला लग्न लागतं कधी? पन्नास वर्षं बघतोय, मी पोचतो आणि मगच सगळं सुरू होतं. याला म्हणतात अंदाज. त्याला गोळी लागत नाही, पोरी."

बोलता बोलता त्यांनी घाम आला म्हणून खिशातून पत्रिका काढली आणि वारा घेऊ लागले. झिखोनानं ती हळूच त्यांच्या हातून घेतली. तीच सोनेरी किनार, तीच नावं, तेच चर्च, तोच शनिवार.

खाली छापलं होतं, सकाळी सात.