साखळीचा खेळ

पुष्पाबाई कामठ्याला मुलींना शिकवायला नव्यानंच आल्या होत्या. वर्गात गप्प बसणाऱ्या पोरी मैदानात मोकळ्या होतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून दुपार कलली की तलावाकाठच्या गवतावर त्या साखळीचा खेळ मांडत. जी पकडली जाई ती पकडणारीचा हात धरी, आणि साखळी वाढत जाई.

त्या दिवशी बघता बघता सगळ्या पोरी साखळीत आल्या. बाईंनी टाळी वाजवली. "झाला खेळ. सोडा हात!"

हात सुटले. पोरी हसत गवतावर बसल्या. टोकाची प्रेमिला तेवढी उभी राहिली. पाण्याकडचा तिचा हात तसाच ताणलेला होता.

"प्रेमिला, सोड ना."

"मी सोडलाच, बाई. थेच नाही सोडून राहिली."

"कोण?"

"नवी पोरगी. म्हणते, खेळ काऊन थांबवला?"

तिकडे नुसतं संथ पाणी होतं. बाईंनी प्रेमिलाला कमरेला धरून मागं ओढलं. पलीकडूनही तेवढीच ओढ लागली. मग एकाएकी पोरीचा हात सैल पडला.

उजव्या हातानं तिला जवळ घेत बाईंनी विचारलं, "गेली ना गं?"

प्रेमिला बाईंच्या डाव्या हाताकडे पाहत होती.

त्या हाताच्या बोटांत कुणाची तरी लहानशी बोटं गुंतली होती. भ्यालेली एखादी पोर बिलगली असेल, असंच बाईंना वाटलं होतं. पण बाकीच्या पोरी तर अजून गवतावरच बसल्या होत्या.