किल्लेदार

मामाला झोपेत मारून राणोजी किल्लेदार झाला, तेव्हापासून त्याच्या पंगतीला कुणी बसेना. बायको माहेरी गेली ती परतलीच नाही.

शेवटी तो एकटाच गड उतरून भविष्य सांगणाऱ्या म्हाताऱ्या पिंगळ्याच्या पालावर गेला. "गड माझा होणार, असं तूच सांगितलंस. नशिबातच होतं. माझा काय दोष?"

"गड तुमचाच होता, सरकार," पिंगळा कळवळून म्हणाला. "मामांना मूलबाळ नव्हतं. तुम्हालाच त्यांनी मांडीवर वाढवलं. दसऱ्याला ते स्वतःच्या हातानं किल्ल्या देणार होते. तुम्हाला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"मग मारायचं कुणी ठरवलं?" राणोजीनं विचारलं.

"मारू का, हे तुम्ही मला विचारलंच नव्हतं."

राणोजी गड चढला नाही. मामाच्या समाधीपाशी बसून त्यानं हळूच हाक मारून पाहिली.