हरीण मारण्यासाठी योग्य काडतूस

काडतूस शेवटी हरणानेच निवडलं. पण हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. पोलिसांकडे जायच्या अर्जात असलं काही लिहिता येत नाही, तेव्हा ते घडलंच नाही असं धरून पहिल्यापासून सुरू करू.

सकाळचे सात. क्योतोच्या उत्तरेकडचा डोंगर. म्हाताऱ्या शिकारी निशिदा-सानच्या छोट्या पांढऱ्या ट्रकच्या मागच्या फळीवर मेधाने एक तक्ता पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तीन काडतुसं ठेवली होती. दुकानातून आणलेले नमुने. आत दारू नाही, नुसतं पितळ नि तांबं. डावीकडे बारकं, सहा मिलिमीटरचं. उजवीकडे दांडगं, तीनशे आठ नंबरचं, निशिदा-सान चाळीस वर्षं वापरत आलेलं. मधलं साडेसहाचं मात्र जागेवर टिकत नव्हतं. बोलता बोलता निशिदा-सान ते उचलत, तळव्यात घोळवत, आणि मेधाने पाहिलं की गुपचूप परत ठेवत.

मेधाने इथे ओकची चारशे रोपं लावली होती. तीनशे एक्याण्णव हरणांनी खाल्ली. उरली नऊ. तिच्या प्राध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं, आठाच्या खाली गेलात तर तो प्रबंध नाही, निबंध. या डोंगरात हरणं मारायचा परवाना होता एकट्या निशिदा-सानकडे, आणि त्यांच्या उजव्या खांद्यात उन्हाळ्यापासून होती एक धातूची पट्टी. जुन्या बंदुकीचा धक्का डॉक्टरांनी बंद केला होता. नव्या बंदुकीचा अर्ज शुक्रवारी गेला नाही तर या थंडीत बंदूक नाही. मग रोपं नाहीत, पीएचडी नाही, आणि पुण्यात आईला काय सांगायचं तेही नाही.

म्हणून तक्ता. चौदा रकाने. धक्का, वेग, दीडशे मीटरवर उरणारा जोर, प्रत्येकाला गुण, गुणांना भार. मेधाच्या घरी फ्रीज घेतानाही बाबांनी असाच तक्ता केला होता. तो पुरा होईपर्यंत त्या फ्रीजचं उत्पादन बंद झालं. अंड्यासाठी वेगळा तवा असलेल्या घरातली मुलगी आता सत्तर किलोच्या जनावराला किती मार पुरेल ते दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत सांगत होती.

“साडेसहा आणि तीनशे आठ,” ती म्हणाली, “दोघांनाही एक्क्याऐंशी पॉइंट चार दोन.”

“म्हणजे तीनशे आठ.”

“म्हणजे बरोबरी, निशिदा-सान. खांदा तुमचा आहे. तुम्हीच सांगा ना काय हवंय ते.”

“साडेसहा?” ते फिसकन हसले. “ते दात पडलेल्यांचं काडतूस. शिकारी संघात तोंड दाखवता येईल का मला? आमच्यातला सगळ्यात धाकटा एकाहत्तरचा आहे. त्याला आम्ही अजून चहा करायला लावतो. उद्या मला लावतील.”

“मग चहा करा. माझी नऊ रोपं वाचतील.”

“तू लग्न झालेली दिसतेस, मेधा-सान.”

“हो. का?”

“सहज.”

आणि मग निशिदा-सानने तिच्या बाहीला हात लावला. शिकाऱ्याचा हात, नुसता लावला, ओढली नाही.

धुक्यातून तो नर आला होता. आधी शिंगं आली, मग खूप वेळाने बाकीचा. शिंगांत ओल्या शेवाळ्याची झिपरी लोंबत होती. नाकातून वाफ. पायांचा आवाज नाही. एवढं जनावर, आणि वाळकं पानसुद्धा वाजलं नाही. बंदूक घरी लोखंडी कपाटात, दोन कुलपांच्या आत. मेधाने तीन वर्षं हरणांच्या लेंड्या मोजल्या होत्या, चावलेल्या देठांचे कोन मोजले होते. हरीण तिने हे पहिल्यांदा पाहिलं. पाऱ्यासारखं काहीतरी तिच्या पाठीतून खाली गेलं. निशिदा-सानने हळूच टोपी काढली.

तो सरळ फळीपाशी आला. तक्त्यावर मान घातली. बारकं काडतूस हुंगलं, सोडलं. तीनशे आठ हुंगलं, सोडलं. मग मधलं चाटायला लागला. सावकाश, मन लावून, लहान मूल वाटीचा तळ चाटतं तसा. पितळ लखलखीत होईपर्यंत. मान वर केली तेव्हा त्याच्या काळ्याभोर डोळ्यात मेधा दिसत होती, टोपी छातीशी धरलेला म्हातारा दिसत होता, आणि एवढासा तक्ता.

मग तो वळला, रोपांभोवतीच्या, गेल्या थंडीत बर्फाने पाडलेल्या जाळीवरून पलीकडे गेला, एक रोप मुळाशी खुडलं आणि चघळत धुक्यात शिरला. डाव्या शिंगाला एक फाटा कमी होता.

मेधाने मधलं काडतूस उचलून पाहिलं. “मीठ. तुमच्या हाताच्या घामाचं. तिन्हींपैकी एकावरच होतं.”

निशिदा-सानचे कान लाल झाले. “लिही. साडेसहा.”

“आठच उरली,” ती म्हणाली.

“पुढच्या महिन्यात तोच समोर आला तर?”

मेधाने पेनाचं टोपण काढलं. तिने अर्ज पुढे ओढला आणि ‘निवडीचे कारण’ या चौकटीत लिहायला लागली. चौकट भरली तेव्हा समासात लिहिलं. निशिदा-सानने दोनदा वाचलं, टोपी घातली आणि खाली शिक्का उमटवला.

“अर्जदाराच्या खांद्यास धक्का कमी, शिका जातीच्या हरणास मार पुरेसा. तसेच सदर निवडीकामी विनामोबदला साहाय्य करणाऱ्या नरास (डाव्या शिंगास एक फाटा कमी) येत्या हंगामापुरते शिकारीतून वगळण्यात यावे, आणि उर्वरित आठ रोपांना तोंड न लावण्याबाबत त्यास आपल्या कार्यालयामार्फत लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती.”