पाठमोरी

मुबशिरानं तोंडासमोर कागद धरला अन् पिराजी एकदम मुकाच झाला.

तोवर गडी कसा फाडफाड उत्तरं देत होता! नाव काय? पिराजी. गाव? इचलकरंजी. काम काय करता? "सत्तावीस वर्षं माग चालवतोय की, डोळं झाकून इणतोय कापड!" कानाच्या तपासणीला आलेला माणूस असा बोलतोय म्हटल्यावर कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात बाकावर बसलेली सगळी हसायलाच लागली. एक म्हातारी तर म्हणाली, "ह्याच्यापरास मलाच कमी ऐकू येतंय, माझाच नंबर आदी लावा!"

कान तपासणारी मुबशिरा तेवीस-चोवीसची पोरगी. ती पण हसली. मग टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, ओठांसमोर धरला अन् तेवढ्याच आवाजात विचारलं, "काका, पोरं किती तुम्हाला?"

पिराजी कागदाकडं बघत बसला.

"जरा मोठ्यानं इचारा," शेजारी बसलेली मालन म्हणाली. मालन म्हणजे त्याची बायको.

मुबशिरानं मोठ्यानं विचारलं. पार दारातल्या शिपायानं मान वळवली. पिराजीनं नाही.

"ओ मॅडम, त्यो कागद काढा की!" मागनं उमर म्हणाला. उमर पण पिराजीच्याच कारखान्यात, त्याच्या शेजारच्या मागांवर. मागच्या आठवड्यात टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन दमला अन् पिराजी रस्त्यातनं हललाच नाही, तेव्हा ह्यानंच त्याला हाताला धरून बाजूला ओढलं होतं. अन् दवाखान्यातही ह्यानंच आणलं होतं. "कागदाआडचं कुणाला कळतंय? आमच्यात चोवीस माग एका टायमाला धडाडत्यात. तिथं ऐकायचं न्हाई, बघायचं. व्हट बघायचं, हात बघायचं, बास. चार मागांपल्याडनं जोक सांगतंय हे, पोट धरून हसतोय आम्ही."

कागदामागनं मुबशिरानं विचारलं, "आणि उमरचाचा, तुम्हाला पोरं किती?"

उमर हसतच राहिला.

मुबशिरानं कागद हळूच खाली ठेवला. आता ती हसत नव्हती. पिराजीला पलीकडं काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, बटणं फिरवली, कागदावर रेघा काढल्या. त्याला तिथंच बसवून बाहेर आली अन् मालनच्या जवळ बसली.

"काकू, काकांना ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. वर्ष-दोन वर्षांचं नाही हे, बरंच जुनं आहे. मागांच्या आवाजानं हळूहळू जातं, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. समोरच्याचं तोंड दिसलं की सगळं कळतंय त्यांना. घरात कधी जाणवलं नाही?"

"मनात आलं तर बोलत्यात, न्हाईतर गप बसत्यात," मालन म्हणाली. "स्वभाव म्हणून सोडून दिलं." मग एकदम विचारलं, "अन् पाठ फिरवून बोललं तर?"

"तर काहीच नाही."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही, काकू."

मालनच्या स्वयंपाकाच्या ओट्याचं तोंड भिंतीकडं. पिराजी पाळीवरनं यायचा, तिच्या पाठीमागं जेवायला बसायचा, अन् ती भाकरी थापता थापता भिंतीकडं बघून संसारातलं सगळं बोलायची. दिवाळीच्या आधी तीन दिवस धीर गोळा करून ती असंच बोलली होती. असलं काय तोंडावर सांगायचं असतं व्हय? भाकरी उलटली अन् बोलली, "अहो, डाव्या छातीत गाठ लागतीया. बोराएवढी हाय. मला लई भ्या वाटतंय."

मागनं नुसता खाण्याचा आवाज येत होता. मग पिराजी म्हणाला, "आमटीत मीठ कमी पडलंय."

तिनं न वळताच मिठाची बरणी मागं सरकवली होती. बास. त्यानंतर तिनं कुणालाच सांगितलं नाही. ज्याला सांगायचं त्यालाच पडलेली नाही, तर कशाला मिरवायचं? दिवाळी गेली, शिमगा गेला. आता पोरांच्या शाळेला सुट्ट्या लागल्यात. दोन आठवडे झाले, दोरीवर धुणं टाकायला तिचा डावा हात वर जात नव्हता.

काचेचं दार उघडलं. पिराजी कान चोळत बाहेर आला अन् नेहमीसारखा अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असा बोलला, "काय म्हणली पोरगी? मशीन लावायचं म्हणती व्हय? नको म्हणावं. मला सगळं कळतंय."

मालन उठली. आख्खीच्या आख्खी त्याच्याकडं वळली. इतक्या वर्षांत ती त्याच्यासमोर अशी कधी उभी राहिली असेल, कुणास ठाऊक.

"अहो," ती म्हणाली.

बाईचा हात कसा असतो, आपोआप वर गेला, पदर तोंडाला लागला. त्या पदराआडनंच ती बोलली, सगळं बोलली, बोराएवढीपासनं आजपर्यंतचं. बाकावरच्या म्हातारीनं ते ऐकलं अन् तिचं हसू जागच्या जागी गेलं. मुबशिरानं ऐकलं अन् ती ताडकन उठून उभी राहिली.

पिराजी नुसता पदराकडं बघत होता. मग त्यानं सुतानं चिरलेली दोन बोटं पुढं केली, अन् तिच्या तोंडावरचा पदर हळूच खाली ओढला.

"काय म्हणलीस? दिसंना."