ठेच्याचं अंडं

तीन दिवस खुराड्यात एकही अंडं मिळालं नव्हतं.

"एखादी कोंबडी फोडून खात असणार," शेजारच्या गोजराकाकींनी आपलं एक अंडं देत सांगितलं. "भोक पाडून आतलं सगळं काढ. ठेचा भर, कणकेने लिंप आणि खुराड्यात ठेव. तोंड पोळलं की खोड जाते. नाही गेली, तर पुन्हा भर."

सिंधूने लवंगी मिरच्या वाटून अगदी तस्संच केलं.

दुपारी परसात ठसका उठला. कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. पाण्याच्या पिंपाशी सासरे चुळांवर चुळा भरत होते, नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मोतीबिंदूमुळे कणीक त्यांना दिसली नव्हती. "या वयात एकवेळचं पुरे," म्हणून सिंधूने त्यांचं रात्रीचं ताट महिन्यापूर्वीच बंद केलं होतं.

तिला पाहताच त्यांनी टरफल पायाखाली दडवलं.

"सूनबाई, गुळाचा खडा देतेस?"

"गूळ संपलाय, मामंजी," ती म्हणाली. ढेप कालच आणली होती.

मग ती कुंपणाशी गेली.

"सापडली का गं कोंबडी?" काकींनी विचारलं.

"सापडली. अजून एक अंडं द्या."