पटावरची शर्यत

वामनचा साडू गुणवंता नागपूरहून नवी कोरी मोटार घेऊन सौंसरला आला, आणि वामनच्या पोटात दुखायला लागलं. मोटार लांबसडक, लाल, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. "रेसची गाडी आहे," असं गुणवंता भेटेल त्याला सांगत होता. वामनकडे संत्र्याच्या पेट्या वाहणारी जुनी जीप होती.

तीन दिवस त्यानं सोसलं. चौथ्या दिवशी पानठेल्यावर चारचौघांत तो म्हणाला, "ह्या नव्या गाड्या डांबरावर मिरवाले ठीक आहेत, गुणवंतराव. पटाच्या मातीत टिकतीन काय?"

गुणवंता हसला. "लावून पाहू मंग."

रामाकोन्याच्या शंकरपटाच्या मैदानात, जिथं एरवी बैलजोड्या धावतात, तिथं सारं गाव जमलं. निशाण पडताच लाल मोटार सुसाट सुटली, पण अर्ध्यावर एका उंचवट्याला तिचं पोट असं घासलं की ती जागीच बसली. खालून तेल वाहू लागलं. वामनची जीप तिच्या बाजूनं खडखडत गेली आणि एकटीच शेवटच्या दोरीपार झाली.

वामन मिशीवर ताव देत खाली उतरला. दोरीपाशी कुणीच नव्हतं. सारं गाव लाल मोटारीभोवती गोळा झालं होतं, आणि तिला ढकलायच्या निमित्तानं जो तो तिच्यावरून हात फिरवून घेत होता. मोटारीच्या मागच्या सीटवर आपल्या बहिणीशेजारी, म्हणजे गुणवंताच्या बायकोशेजारी, वामनची बायको प्रमिला जाऊन बसली होती. काच खाली करून तिनं नवऱ्याला हाक दिली.

"अहो, तिथं उभे काय राहिले? या न, थोडा धक्का मारा."