साडेनऊ तास

लेकीच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. आठ वर्षं ते नकाशांच्या जाड पुस्तकात पडून होतं. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ते आणून हातात ठेवलेलं. पाकिटावर नुसतं 'बाबा'. आत एकच ओळ: एकदा येऊन जा.

लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा ते गेले नाहीत. का, असं विचारणाऱ्यांना त्यांनी अंतर सांगितलं. सात हजार किलोमीटर. थेट विमान मिळालं तर साडेनऊ तास. जाताना वारा समोरून असतो, परतताना तासभर कमी.

निवृत्तीनंतरही ते रोज वाचनालयात जाऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना हे आकडे पाठ झाले होते. "काका, विमान तुम्हीच चालवता वाटतं," असं त्या म्हणत. ते कसनुसं हसून पुस्तकात डोकं खुपसत.

उत्तराचे मसुदे बरेच झाले. 'चि.' लिहावं तर तेवढा हक्क उरलाय का, आणि 'प्रिय' लिहावं तर उगाच नाटकी वाटेल. मायना खोडता खोडता कागद संपे.

आक्का दर गुरुवारी पिशवी घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी परतत. मग भाजी निवडता निवडता लेकीची खबर सांगत. ते वर्तमानपत्र उघडं धरून, पान न उलटता ऐकत.

या गुरुवारी आक्का भाजी निवडायला बसल्या नाहीत. सोमवारी लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी फारसा भरवसा दिला नव्हता.

"पोरगं विचारत होतं, आजोबा का येत नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलं तिनं?"

"तू लोकांना सांगतोस तेच. विमानानं साडेनऊ तास लागतात म्हणून."

"मग?"

"मग म्हणालं, एवढंच? रात्री विमानात झोपले तर सकाळी पोचतील की."

ग्रंथपालांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती उलगडली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी बाईंकडे एक कोरा कागद आणि पाकीट मागितलं. मायना घातलाच नाही. 'येतोय' एवढंच लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

बाईंना राहवलं नाही. पत्र कसलं पाठवताय, तुम्हीच आधी पोचाल, असं त्या म्हणाल्या. कानात दडे बसले की गोळी चघळायची, हेही सांगितलं. वर गार असतं म्हणून कपाटातला स्वतःचा मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला. नको म्हणायला त्यांना जमलं नाही.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी ते क्षणभर थांबले. पाकीट परत खिशात घातलं आणि समोर आलेल्या बसमध्ये चढले. उन्हानं मफलरखाली मान भिजली, पण तो काढायचं त्यांना सुचलं नाही.

चौथ्या थांब्यावर ते उतरले. दोन जिने चढून लेकीच्या नावाची पाटी असलेल्या दाराशी आले. बेलकडे गेलेला हात तसाच राहिला. आत ती खोकत होती.

त्यांनी वाकून पाकीट दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. वाचनालयापासून इथवर यायला अकरा मिनिटं लागली होती.